आईच्या फोनपुरतं खरं

आमच्या ऑफिसात त्याला तोडगा म्हणत, आणि हे नाव त्याला कौतुकाने मिळालं होतं. कुणाचा प्रोग्राम अडला, कुणाचं अ‍ॅप उघडताक्षणी मिटलं, कुणाच्या आकड्यांची बेरीज जुळेना, की माणूस उठायचा आणि तोडग्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहायचा. तोडगा मान न वळवता विचारायचा, "एरर काय येते?" वाचून दाखवली की तो ती जशीच्या तशी इंटरनेटवर शोधायचा, ज्या उत्तराला जास्त लोकांनी मान डोलावली असेल ते उचलायचा आणि चिकटवायचा. पडद्यावरची लाल अक्षरं गेली की काम झालं. ती आली कशामुळे, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. दुसऱ्या कुणाला पडलाच तर तो म्हणायचा, "आता येते का? नाही ना? मग झालं."

मी त्याच्या समोर बसायचे. मधे छातीइतक्या उंचीची काच होती, त्यामुळे तो फोनवर काय बोलतो तेही मला ऐकू यायचं. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे अ‍ॅप लोकांच्या हातात जायच्या आधी त्यातल्या चुका शोधून काढायच्या. त्याचं काम त्या चुकांवर पांघरूण घालायचं. पगार अर्थातच त्याला जास्त होता.

उदाहरणं द्यायची तर रात्र पुरणार नाही, म्हणून थोडकीच देते. दवाखान्यांकडून आमच्याकडे रोग्यांची माहिती यायची. कुणी तारखेत दिवस आधी लिहायचं, कुणी महिना. महिन्याच्या जागी बाराच्या पुढचा आकडा दिसला की प्रोग्राम अडायचा. शहाण्या माणसाने दवाखान्यांना फोन करून विचारलं असतं, बाबांनो, तुमची पद्धत कुठली? तोडग्याने अडणाऱ्या ओळी गाळून टाकल्या आणि बाकीच्या तशाच पुढे ढकलल्या. प्रोग्राम लोण्यासारखा चालू लागला. फक्त त्यातले काही रोगी दाखल होण्याआधीच बरे होऊन घरी गेलेले दिसत होते.

दुसरं एक. फोन उभ्याचा आडवा केला की आमच्या अ‍ॅपमध्ये भरलेला फॉर्म पुसला जायचा. अ‍ॅप बनवणाऱ्यांची ही जुनीच डोकेदुखी आहे. फोन फिरला की पडदा नव्याने मांडला जातो, तेव्हा आधी लिहिलेलं जपून ठेवायची तजवीज करावी लागते. तोडग्याने फोन आडवा होणंच बंद केलं. "आडवा धरायचाच कशाला?" तो म्हणाला, आणि टाळ्या वाजायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. एक पडदा माहिती आणता आणता गोठून बसायचा, त्यावर त्याने एक गोल फिरतं चक्र बसवलं. "गोल फिरताना दिसलं की लोकांना वाटतं आत काहीतरी चाललंय," हे त्याचं शास्त्र. आमच्या ऑफिसबद्दलही लोकांना तसंच वाटायचं.

वर्षातून एकदा ऑफिस घरच्यांना बोलवायचं. तिथे मला त्याची आई भेटली. ठेंगणी, बोलकी बाई. आयुष्यभर कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर उभी राहिलेली, त्यामुळे कुणाशीही दोन मिनिटांत ओळख. मी त्यांना काकू म्हटलं, तसा त्यांनी माझा हात धरला आणि लेकाचं कौतुक सुरू केलं. "लहानपणापासून हुशार बरं का. गणिताच्या पुस्तकात मागची उत्तरं आधी बघायचा आणि मग गणित वळवत वळवत त्या उत्तरापर्यंत आणून सोडायचा. मास्तरांना कधी कळलं नाही."

"तुम्हाला कळलं की," मी म्हटलं.

"मला कळलं," काकू हसल्या, "पण मार्क चांगले पडायचे. मग कशाला बोला?"

आमच्या कंपनीचं मुख्य अ‍ॅप रक्तदाबाचं होतं. घरबसल्या मनगटाला एक पट्टा बांधायचा, पट्टा रक्तदाब मोजायचा आणि बिनतारी फोनकडे पाठवायचा. पट्ट्याला स्वतःचा पडदा नव्हता. जे काही दिसायचं ते फोनवर, आणि तेच पुढे दवाखान्याला. गिऱ्हाईक बहुतेक म्हातारी माणसं. त्यांच्या लेकांनी, सुनांनी, मुलींनी ते फोनमध्ये घालून दिलेलं.

आता पट्ट्याचं आणि फोनचं बोलणं कधीकधी तुटायचं. मग आकडा यायचाच नाही, आणि आकड्याच्या जागी काहीच नाही म्हटल्यावर अ‍ॅप कोलमडून पडायचं. तक्रारी आल्या. साहेब, म्हणजे आमचे मालक, तोडग्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तोडग्याने दुपारच्या जेवणाआधी इलाज केला: आकडा आला नाही, तर आधीचा दाखवायचा. तोही नसेल तर त्याच्याही आधीचा. अ‍ॅप पडायचं थांबलं. साहेबांनी सगळ्यांना केक खाऊ घातला.

मी त्याच आठवड्यात चूक नोंदवली. पट्टा कपाटात ठेवला तरी अ‍ॅप रोज रक्तदाब दाखवतं, असं साध्या भाषेत लिहिलं. तोडग्याने शेरा मारला, "असंच अपेक्षित आहे," आणि नोंद बंद केली. मी काचेवरून डोकावून विचारलं, "कपाटाचा रक्तदाब अपेक्षित आहे?"

"तुला चुका काढायचा पगार मिळतो ना," तो म्हणाला, "म्हणून तुला सगळीकडे चुका दिसतात."

इथवर हा नेहमीचाच प्रकार होता. पण पुढे साहेबांना आकड्यांचा अभ्यास करून घ्यायची लहर आली. अ‍ॅप वापरणाऱ्यांची तब्येत सुधारते का, ते त्यांना हवं होतं. म्हणजे सुधारते असं हवं होतं. तोडग्याने आलेख काढला. त्यात स्पष्ट दिसत होतं, की माणूस अ‍ॅप जितके जास्त महिने वापरतो, तितका त्याचा रक्तदाब स्थिर होत जातो. वर्षभर वापरणाऱ्यांचा तर दगडासारखा स्थिर. होणारच. पट्टे जितके जुने, तितके ते मुके. वर्षभरात अर्धे पट्टे बंद पडले होते आणि त्यांच्या मालकांना तोच तो शिळा आकडा रोज ताटात नव्याने वाढला जात होता. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि त्या पिठाचा आलेख साहेबांनी मोठा छापून दाराशीच लावला. त्याखाली ओळ होती: "आमच्यासोबत, स्थिर आयुष्य."

काकूंच्या मनगटालाही तोच पट्टा होता. लेकाच्या कंपनीचा म्हणून त्या तो दागिन्यासारखा मिरवायच्या. त्या लेकापासून वेगळ्या, चार रस्ते पलीकडच्या एका इमारतीत एकट्या राहायच्या, आणि दुपारी त्याला फोन करायच्या. काचेपलीकडून मला त्याचंच बोलणं ऐकू यायचं. "डोकं जड वाटतं? अ‍ॅपमध्ये काय दिसतंय?... मग झालं तर. छान आहे. झोप कमी झाली असेल." पुन्हा काही दिवसांनी, "चक्कर? आकडा बघ आधी... बघ, अगदी आदर्श आहे. तू उगीच मनाला लावून घेतेस." आईच्या तोंडून आलेली तक्रार आणि स्वतःच्या अ‍ॅपमधून आलेला आकडा, यांत त्याने कुणावर विश्वास ठेवावा? आईच्या तक्रारीवर चिकटवायला तयार उत्तर नव्हतं.

एका सकाळी काकू जिन्यात पडल्या. शेजारच्यांनी त्यांना इस्पितळात नेलं आणि त्याला फोन केला. त्याला गाडीची किल्ली लागेना, म्हणून मी माझ्या गाडीतून त्याला घेऊन गेले. वाटेत तो एकच वाक्य बोलत होता: "पण आकडा तर चांगला होता."

काकू पडद्याआडच्या खाटेवर होत्या. एका हाताचं हाड मोडलेलं, कपाळाला टाके. ड्यूटीवरच्या डॉक्टर बाईंनी आपल्या यंत्राने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि नर्सला हाक मारून इंजेक्शन सांगितलं. मग विचारलं, "घरी मोजत होतात ना?"

"रोज," काकू म्हणाल्या, आणि धडधाकट हाताने फोन पुढे केला. "लेकाच्या कंपनीचं आहे."

डॉक्टरांनी बोटाने पडदा मागे सरकवला. आणखी मागे. मग तोडग्याकडे बघून म्हणाल्या, "इतकी सरळ रेघ आम्हाला एकाच प्रकारच्या पेशंटची दिसते. आणि त्यांना इंजेक्शन द्यावं लागत नाही."

"पट्टा खराब असेल," तोडगा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आई खाटेवर, समोर डॉक्टर, आणि हा माणूस दोष पट्ट्यावर ढकलत होता. मला वाटतं, त्या वेळी तो खोटं बोलत नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. त्याला खरंच वाटत होतं, की गोष्टी खराब होतात आणि आपण त्या झाकतो, यात आपला काही हात नसतो.

काकू वाचल्या. औषधं वाढली, एक हात प्लास्टरमध्ये गेला, दुसऱ्याला लेकाने नवा पट्टा बांधला. मी दोनतीनदा भेटून आले, तेव्हा त्यांनी माझा नंबर घेतला. तोडगा सुट्टी संपवून आला तो मान खाली घालून कामाला लागला. कुणी खुर्चीमागे उभं राहिलं तर "नंतर" म्हणायचा. मला वाटलं, ठेच लागली, आता शहाणा झाला. अ‍ॅपची नवी आवृत्ती माझ्याकडे तपासायला आली, तशी मी पहिली गोष्ट केली ती पट्टा काढून कपाटात ठेवायची. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडलं. जुना आकडा हसतमुखाने हजर.

मग मी कोड उघडून बघितला. त्याने एक अट घातली होती. आकडा आला नाही आणि खातं अमुक एका क्रमांकाचं असेल, तर तिथे "मोजमाप आलं नाही" असं दाखवायचं आणि एका ठरावीक फोनवर लगेच निरोप पाठवायचा. बाकी सगळ्यांना पूर्वीचंच. ते खातं काकूंचं होतं आणि तो फोन त्याचा. हजारो म्हातारी माणसं एका बाजूला आणि त्याची आई एका बाजूला. आपली ती आई आणि दुसऱ्याची ती युजर.

मी काचेला वळसा घालून त्याच्या टेबलाशी गेले. "हे काय आहे?"

"तात्पुरतं आहे."

"मग सगळ्यांना का नाही?"

"सगळ्यांना दिलं तर अर्ध्या लोकांच्या स्क्रीनवर रिकामं दिसेल. फोन येतील. साहेबांचा तो आलेख पडेल."

"पडू दे. तुझी आई पडली तेव्हा आलेख उभाच होता."

त्याचे कान लाल झाले, पण त्याने अट काढली नाही. "तुला काय जातंय सांगायला," एवढंच म्हणाला.

मी साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आईसाठी केलंय त्याने. तुम्ही जरा भावना समजून घ्या." बाकीच्यांच्या आयांचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "पुढच्या तिमाहीत बघू." मी त्या आवृत्तीला मंजुरी दिली नाही. माझ्या मंजुरीवाचून काही अडलं नाही. तोडग्याने त्यावरही तोडगा काढला: मंजुरीची पायरीच त्या वेळेपुरती बंद केली.

पुढे काही आठवड्यांनी काकूंचा मला फोन आला. आवाजात तक्रार. "अगं, माझं अ‍ॅप बिघडलंय. मधेमधे रिकामं दाखवतं. लेकाला सांगितलं तर तो म्हणतो, तेच बरोबर आहे. शेजारच्या बाईंचं बघ, एक दिवस चुकत नाही. जुनं होतं तेच बरं होतं."

"काकू," मी म्हटलं, "त्याला घरी बोलवा. शेजारच्या बाईंनाही बोलवा. मीही येते."

काकूंचं स्वयंपाकघर छोटं, टेबलाची एक बाजू भिंतीला लावलेली. शेजारच्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, पाठ ताठ, चष्मा दोरीला. तोडगा आला तेव्हा आम्ही तिघी चहा पीत बसलो होतो. मला बघून त्याचा चेहरा उतरला. काकूंनी दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हे बघ. यांचा पट्टा कधीचा ड्रॉवरमध्ये पडलाय, तरी यांचा आजचा आकडा आलाय. मी रोज बांधते, तरी माझं कालचं रिकामं. तुझ्या आईलाच खराब माल दिलास का?"

"मला वाटलं, फोन पर्समध्ये असला की त्याला आपोआप कळतं," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

तोडगा उभाच होता. माझ्याकडे बघून झालं, खिडकीकडे बघून झालं. काकू दुकानात कापड पसरून दाखवावं तशा शांतपणे विचारत होत्या. "यातलं खरं कुठलं?"

"तुझं."

"मग यांचं खोटं?"

"खोटं नाही. जुनं आहे."

"कितीचं जुनं?"

त्याला माहीत नव्हतं, कारण किती जुना आकडा आहे हे लक्षात ठेवायची सोयच त्याने केली नव्हती.

काकूंनी आपल्या मनगटाचा पट्टा प्लास्टरमधल्या हाताच्या बोटांनी, दाताची मदत घेत सोडला आणि मुख्याध्यापिकांच्या मनगटाला बांधायला मला दिला. काकूंच्या फोनवर आकडा आला. ड्रॉवरमधल्या पट्ट्याच्या आकड्यापेक्षा तो बराच वर होता. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावून तो वाचला, मग आपल्या फोनमधला वाचला, आणि तोडग्याकडे वळून विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"त्यात खूप गोष्टी असतात," तो म्हणाला.

"कोणत्या? सांग. मला वेळ आहे."

त्याने सांगायला सुरुवात केली. तक्रारी कशा येतात, साहेब काय म्हणाले, सगळ्यांना एकदम बदल देता येत नाही, आलेखाचं काय. मुख्याध्यापिका अशा ऐकत होत्या, की जणू हे त्यांनी आयुष्यभर वेगवेगळ्या तोंडून ऐकलं असावं. त्याचं बोलणं आपोआप बारीक होत गेलं आणि थांबलं.

काकूंनी आपला फोन त्याच्यापुढे सरकवला. "माझं वेगळं आहे ते काढून टाक. सगळ्यांना आहे तसंच मला दे."

"आई, वेड्यासारखं करू नकोस."

"वेडं कसलं? सगळ्यांना पुरतंय ना ते? मग मलाही पुरेल. पट्टाही घेऊन जा. ड्रॉवरमध्ये ठेवला तरी चालतो म्हणे."

तो रडवेला झाला. आईच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. काकू हलल्या नाहीत. त्यांनी खरोखर पट्टा बांधला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तो रोज सकाळी ऑफिसला यायच्या आधी त्यांच्या दारात उभा राहायचा आणि त्या दार उघडून सांगायच्या, "बरी आहे. आकडा आदर्श असेल." लेकाचंच वाक्य त्या लेकाला रोज गरम गरम वाढत होत्या. तिकडे मुख्याध्यापिकांनी आपल्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवले, आणि त्या डॉक्टरांनी इतर दवाखान्यांना फोन केले. साहेबांची पुढची तिमाही एकदम जवळ आली.

तेव्हा कुठे तोडगा खऱ्या कामाला बसला, आणि तेव्हा कळलं, की त्याला ते येतच नव्हतं. पट्ट्याचा निरोप फोनपर्यंत का पोचत नाही, हे शोधायचं तर आधी ते आपल्या डोळ्यांसमोर घडवून आणावं लागतं, फोन आत काय करतो त्याची टिपणं ओळीने वाचावी लागतात, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी लागते. इतक्या वर्षांत त्याने यातलं काही केलं नव्हतं. तो तासन्‌तास पडद्याकडे बघत बसायचा, जणू उत्तर चिकटवणारा कुणी दुसरा येईल. मी सांगत गेले, तो करत गेला. तोंड वाकडं करून, पण केलं. कारण निघालं ते साधं होतं. बॅटरी वाचवण्यासाठी फोन आमच्या अ‍ॅपला झोपवायचा, आणि जागं झाल्यावर अ‍ॅप पट्ट्याशी तुटलेली ओळख पुन्हा करून घ्यायचं नाही. बंद पडलेले पट्टे वेगळेच. नवी आवृत्ती गेली. तीत आकडा नसेल तिथे "मोजमाप आलं नाही" असं सगळ्यांना दिसत होतं, आणि आकडा असेल तिथे तो कधीचा तेही. त्या संध्याकाळी काकूंनी पट्टा बांधला.

आलेख नव्याने काढला, तेव्हा स्थिर आयुष्य कुठल्या कुठे गेलं. खरे मोजलेले आकडे तेवढे ठेवले, तर अ‍ॅपमुळे कुणाचं काही सुधारत असल्याचं दिसत नव्हतं. दारावरचं ते मोठं चित्र एका सकाळी गायब झालं आणि तिथे डोंगराचा फोटो लागला. साहेब एक दिवस चिडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यांना पत्र पाठवलं, की आम्ही प्रामाणिक माहितीचं धोरण स्वीकारलं आहे. हे धोरण ज्याने आणलं त्याचा गौरव व्हायला हवा, म्हणून तोडग्याला गुणवत्ता प्रमुख करण्यात आलं. म्हणजे माझा साहेब.

आता तो नव्या मुलामुलींना शिकवतो. "रिकामी जागा रिकामी दाखवा," असं फळ्यावर लिहितो, आणि ती बिचारी ते उतरवून घेतात. वाक्य बरोबर आहे, त्यामुळे मला त्यात चूकही काढता येत नाही. परवा एक नवी मुलगी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. तिने दोन तक्ते एकमेकांना जोडले होते आणि प्रत्येक माणूस दोनदा येत होता. तोडगा पटकन म्हणाला, "दुहेरी ओळी उडवून टाक." मग काचेपलीकडे मी आहे हे त्याच्या ध्यानात आलं. तो सावरून बसला. "म्हणजे, आधी त्या दोनदा का येतात ते बघ," तो म्हणाला, आणि मीटिंग आहे असं सांगून उठून गेला.

मुलगी आपला लॅपटॉप उचलून, काचेला वळसा घालून माझ्या टेबलाशी आली आणि विचारू लागली, "पण हे बघायचं कसं?"

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.